एक्सचेंजचा मेंटेनन्स आणि बॅकअप: दोघांचं वेळापत्रक एकच ठेवा

गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका कारखान्यात सिस्टिम सांभाळणाऱ्या मित्राचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्यांच्याकडे एक्सचेंज २०१९ चे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सॉफ्टवेअरचे, दोन सर्व्हर आहेत, दोन्ही व्हर्च्युअल मशीन, दोघांचा मिळून एक डॅग (मेलच्या डेटाबेसच्या कॉपी एकमेकांकडे ठेवणारा सर्व्हरचा गट), आणि रोज मध्यरात्रीनंतर बॅकअप सॉफ्टवेअर दोन्ही मशीनचा बॅकअप घेतं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीआधी पॅच टाकायला एक सर्व्हर मेंटेनन्स मोडमध्ये घातला, पॅच झाले, पण तो मोडमधून बाहेर काढायचा राहून गेला आणि सगळे गावाला गेले. रोज सकाळी बॅकअपचा रिपोर्ट हिरवा येत होता, तरी चालू सर्व्हरवरचा लॉगचा ड्राइव्ह भरला, डेटाबेस डिसमाउंट झाले, म्हणजे वापरातून निघाले, आणि मेल बंद. आता ते विचारतात की मेंटेनन्सच्या वेळी बॅकअप जॉब बंद ठेवायचा की चालू, लॉग फायली हाताने डिलीट केल्या तर चालतं का, आणि पॅचआधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची नोंद) घेतला की पुरे ना?

सरळ उत्तर आधी देतो. जॉब त्या विंडोपुरता बंद ठेवायचा. लॉग हाताने डिलीट करायचे नाहीत. आणि स्नॅपशॉट पुरत नाही, उलट एक्सचेंजच्या बाबतीत तो घातक आहे. पण या तिन्हीच्या मागे एकच गोष्ट आहे ती समजली तर पुढचे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक ऑफिसांत पॅचचं काम एकाकडे असतं आणि बॅकअप दुसऱ्याकडे, किंवा माणूस एकच असला तरी डोक्यात दोन वेगळी कामं असतात. एक्सचेंजला हे चालत नाही, कारण एक्सचेंजमध्ये बॅकअप ही बाहेरून येऊन फोटो काढून जाणारी गोष्ट नाही, तो सर्व्हरच्या रोजच्या चालण्याचाच भाग आहे. का ते बघा. मेल आला की तो थेट डेटाबेसच्या ईडीबी फायलीत जात नाही, आधी ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये लिहिला जातो, लॉगची एकेक फाइल १ एमबीची, आणि मग सवडीने डेटाबेसमध्ये. या लॉग फायली आपोआप जात नाहीत. बॅकअप सॉफ्टवेअर व्हीएसएसमार्फत (चालू फायलींचा बॅकअप घेऊ देणारी विंडोजची सेवा) एक्सचेंजच्या रायटरला, म्हणजे त्या सेवेशी बोलणाऱ्या भागाला, सांगतं की फुल किंवा इन्क्रिमेंटल (फक्त नंतरच्या बदलांचा) बॅकअप नीट पूर्ण झाला, तेव्हाच एक्सचेंज जुने लॉग साफ करतं, ज्याला आपण ट्रंकेशन म्हणतो. म्हणजे बॅकअप हाच तुमच्या लॉग ड्राइव्हचा झाडूवाला आहे, तो आला नाही की कचरा साचणारच.

आता डॅगमधली मेख. एका सर्व्हरवर बॅकअप यशस्वी झाला एवढ्यावर लॉग जात नाहीत. त्या डेटाबेसच्या बाकीच्या कॉपींपर्यंत तो लॉग पोचला पाहिजे, तिथे तपासला गेला पाहिजे, तरच ट्रंकेशन होतं. कारण दुसरा सर्व्हर मागे असेल तर त्याला उद्या तेच लॉग लागणार. म्हणजे तुमचा दुसरा सर्व्हर बंद पडून असेल किंवा त्याची कॉपी सस्पेंड झालेली असेल तर चालू सर्व्हर एकही लॉग सोडणार नाही. बॅकअप मात्र झालेला असतो, डेटा कॉपी झालेला असतो, म्हणून रिपोर्ट हिरवा. रिपोर्ट खोटं बोलत नव्हता, तो फक्त लॉग गेले की नाही हे सांगत नव्हता. इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये ईएसई (एक्सचेंजचं डेटाबेस इंजिन) सोर्सचा २२४ नंबरचा इव्हेंट दिसला तर लॉग डिलीट झाले, आणि २२५ दिसला तर बॅकअप होऊनही ट्रंकेट करण्यासारखं काही नव्हतं. तुमच्याकडे सुट्टीभर २२५ पडत असणार, आता बघा जाऊन. हा एक इव्हेंट मॉनिटरिंगमध्ये टाकला की सुट्टीत गावी असतानासुद्धा मोबाइलवर कळेल.

अजून एक तपासा. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये व्हर्च्युअल मशीनचा जॉब लावताना अ‍ॅप्लिकेशन-अवेअर (आतल्या एक्सचेंजची दखल घेणारा) असा पर्याय असतो, आणि त्याच्या आत ट्रान्झॅक्शन लॉग प्रोसेस करायचे की फक्त कॉपी बॅकअप घ्यायचा, असं विचारलेलं असतं. कॉपी निवडलं असेल तर लॉग कधीच जाणार नाहीत. नुसता क्रॅश-कन्सिस्टंट, म्हणजे एक्सचेंजला न सांगता डिस्क आहे तशी उचललेला, बॅकअप असेल तरी तेच. दोन वेगवेगळी बॅकअप सॉफ्टवेअरं एकाच सर्व्हरवर चालवणारेही बघितलेत, एक मशीन लेव्हलचं आणि एक मेलबॉक्स लेव्हलचं, मग दोघंही लॉग ट्रंकेट करतात आणि कुणाचीच इन्क्रिमेंटल साखळी धड राहत नाही. लॉगवर हक्क एकाचाच ठेवायचा, दुसऱ्याला कॉपी मोड.

आता मेंटेनन्सची रात्र. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा झालेले असतात, म्हणजे खरा वाचायचा दिवस बुधवार. मी साधारणपणे शनिवारी रात्री किंवा रविवारी टाकतो, तेवढ्या दिवसांत पॅचमध्ये काही गडबड असली तर जगभरातून बोंब उठलेली असते. पण पॅचच्या सूचनेत हल्ले आधीच सुरू आहेत असं लिहिलेलं असेल तर शनिवारची वाट बघू नका. २ मार्च २०२१ ला एक्सचेंजमधल्या प्रॉक्सीलॉगॉन या त्रुटींचे पॅच आले तेव्हा ज्यांनी वीकेंडपर्यंत थांबू म्हटलं त्यांच्यातल्या कित्येकांच्या सर्व्हरवर तोवर वेबशेल (हल्लेखोराला बाहेरून सर्व्हर चालवू देणाऱ्या फायली) बसलेले होते.

गोव्यात तारीख ठरवताना अजून दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे वीज खात्याची शटडाउनची नोटीस, पेपरात येते, ती बघूनच विंडो ठरवा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये पावसाआधीची कामं काढतात तेव्हा. यूपीएस आणि जनरेटर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, डेटाबेस उघडा असताना लाइट जाऊन मशीन धाडकन बंद पडणं आणि अपडेटचा सेटअप अर्ध्यात असताना बंद पडणं यात फार फरक आहे. पहिल्यात एक्सचेंज लॉग वाचून स्वतःच सावरतं, दुसऱ्यात सगळ्या सर्व्हिस डिसेबल अवस्थेत राहतात आणि सेटअप पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागतो. दुसरी गोष्ट तुमच्या धंद्याचा हंगाम. वेर्णा, कुंडईच्या कारखान्याला रविवार मोकळा असतो, कळंगुटच्या हॉटेलाला डिसेंबरात एकही रात्र मोकळी नसते, त्यांच्याकडे नाताळ ते नवीन वर्ष कशालाच हात लावायचा नाही असंच लिहून ठेवलेलं बरं. त्यांचा खरा मोकळा काळ पावसाळा, आणि नेमकी तेव्हाच विजेची धास्ती. म्हणून हॉटेलवाल्यांना मी मोठी कामं ऑक्टोबरच्या गडगडाटाआधी, सप्टेंबरात उरकायला सांगतो.

आणि कुठल्याही लांब सुट्टीच्या आदल्या दिवशी मेंटेनन्स नको. चवथ असो, नाताळ असो, शिगमो असो. काम झाल्यावर निदान दोन बॅकअप नीट झालेले बघायला माणूस जागेवर पाहिजे.

सुरुवात करण्याआधी काय बघायचं? पहिलं, शेवटचा बॅकअप खरंच झालाय का, आणि हे बॅकअप सॉफ्टवेअरला विचारायचं नाही, एक्सचेंजला विचारायचं. एक्सचेंज मॅनेजमेंट शेलमध्ये (एक्सचेंजच्या कमांडच्या विंडोत) गेट-मेलबॉक्सडेटाबेसला स्टेटस जोडून चालवलं की प्रत्येक डेटाबेसची शेवटच्या फुल आणि इन्क्रिमेंटल बॅकअपची तारीख येते. इथे एखादा डेटाबेस रिकामा किंवा जुनी तारीख दाखवतोय का ते बघा. एका ठिकाणी बॅकअप रोज हिरवा होता, पण नंतर जोडलेल्या एका डिस्कवर नवीन डेटाबेस काढला होता आणि ती डिस्क जॉबमधून वगळलेली होती, कित्येक महिने त्या डेटाबेसचा बॅकअपच नव्हता आणि त्यात अकाउंट्सचे सगळे मेलबॉक्स. एक्सचेंजकडे ती तारीख कोरी होती, फक्त कुणी बघितली नव्हती.

दुसरं, कॉपी स्टेटस. दोन्ही सर्व्हरवरच्या कॉपी हेल्दी आणि कॉपी क्यू (दुसरीकडे पोचायचे राहिलेले लॉग) शून्य किंवा त्याच्या आसपास पाहिजे. तिसरं, कमांड प्रॉम्प्टवर व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स, त्यात मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज रायटर स्टेबल आणि नो एरर पाहिजे. तो फेल्ड दिसत असेल तर आजचा पॅच पुढे ढकला आणि आधी तो नीट करा. २०१३ पासून हा रायटर रेप्लिकेशन सर्व्हिसमध्ये राहतो, म्हणून त्या सर्व्हरवरचे अ‍ॅक्टिव्ह डेटाबेस दुसरीकडे हलवून ती सर्व्हिस रिस्टार्ट केली की बहुतेक वेळा तो सावरतो, अख्खा सर्व्हर रीबूट करायची गरज पडत नाही. चौथं, हायपरव्हायजरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बॅकअपचे अडकून राहिलेले स्नॅपशॉट आहेत का. बॅकअप मध्येच तुटला की स्नॅपशॉट मागे राहतो आणि त्यानंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल फुगत जाते, त्यावर पॅचचं लिखाण चढवलं की डेटास्टोअर भरतो. आधी ते कन्सॉलिडेट करा, म्हणजे मूळ डिस्कमध्ये मिसळून टाका.

आणि विटनेस, हा मुद्दा नीट वाचा. दोन सर्व्हरच्या डॅगमध्ये तीन मतं असतात, दोन सर्व्हरची आणि एक फाइल शेअर विटनेसचं, म्हणजे तिसऱ्या मशीनवरच्या एका फोल्डरचं. एक सर्व्हर मेंटेनन्सला गेला की उरलेला सर्व्हर आणि विटनेस मिळून बहुमत धरून असतात. लहान ऑफिसांत वेगळं मशीन नको म्हणून विटनेसचं फोल्डर बॅकअप सर्व्हरवरच ठेवलेलं असतं. त्यात तसं काही वावगं नाही, पण मग त्याच रात्री बॅकअप सर्व्हरलाही पॅच टाकून रीबूट केला की बहुमत गेलं, क्लस्टर (डॅगच्या खालचा विंडोजचा सर्व्हरगट) बसला आणि चांगला चालू असलेला सर्व्हरही डेटाबेस डिसमाउंट करून मोकळा. तुमचा विटनेस कुठे आहे ते आजच बघून कागदावर लिहून ठेवा.

यावरूनच जॉब बंद का ठेवायचा तेही कळेल. मशीन लेव्हलचा बॅकअप स्नॅपशॉट काढताना आणि काढून टाकताना मशीन क्षणभर थिजतं. क्लस्टरमध्ये मी जिवंत आहे असं सांगणारा हार्टबीट दर सेकंदाला जातो, थिजणं लांबलं की क्लस्टरला वाटतं सर्व्हर मेला. दोन्ही सर्व्हर चालू असताना असं झालं तर डेटाबेस दुसरीकडे उडी मारतात, त्रास होतो पण मेल चालू राहतो. एक सर्व्हर मेंटेनन्समध्ये असताना उरलेल्या एकट्यावर असं झालं तर उडी मारायला जागाच नाही. शिवाय एक्सचेंज रायटर फ्रीझ झाल्यावर २० सेकंदांत स्नॅपशॉट झाला नाही तर बॅकअप फेल होतो, आणि पॅच चालू असताना डिस्क इतकी कामात असते की ते २० सेकंद पुरत नाहीत. त्यामुळे क्रम असा ठेवा की आधी रात्रीचा बॅकअप होऊ द्या, तो झाला आणि लॉग गेले हे बघा, मग जॉब डिसेबल करा, मग सर्व्हरला हात लावा. आणि जॉब पुन्हा चालू करणं हे त्याच कामाच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत लिहा, शेवटची ओळ हाताने चालवलेला बॅकअप आणि २२४ चा इव्हेंट. तोवर काम संपलं असं कुणाला कळवायचं नाही.

सर्व्हर मेंटेनन्समध्ये घालायचा म्हणजे नुसते डेटाबेस हलवायचे नाहीत. हब ट्रान्सपोर्ट (मेलची ने-आण करणारा भाग) ड्रेनिंगवर टाकायचं, म्हणजे नवीन मेल न घेता हातातले संपवू द्यायचे, क्यूमध्ये अडकलेले मेल दुसऱ्या सर्व्हरकडे वळवायचे, क्लस्टर नोड सस्पेंड करायचा, डेटाबेस कॉपी तिथे आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही असं सेट करायचं आणि शेवटी सर्व्हर-वाइड ऑफलाइन. यातली डॅगची कामं करणारी स्क्रिप्ट एक्सचेंजच्याच स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये आहे, स्टार्टडॅगसर्व्हरमेंटेनन्स नावाची. बाहेर काढताना बरोबर उलट्या क्रमाने. तुमच्याकडे नेमकं हे राहिलं. बाहेर काढल्यावर सर्व्हर कॉम्पोनंट स्टेट सगळे अ‍ॅक्टिव्ह दिसतात का, टेस्ट-सर्व्हिसहेल्थ आणि टेस्ट-रेप्लिकेशनहेल्थ स्वच्छ येतात का, हे बघितल्याशिवाय लॅपटॉप बंद करू नका. ड्रेनिंगवर टाकलेला एखादा कॉम्पोनंट वेगळ्या रिक्वेस्टरच्या (बंद करायला सांगणाऱ्याच्या) नावाने इनअ‍ॅक्टिव्ह राहतो, ज्या रिक्वेस्टरने बंद केला त्याच्याच नावाने चालू करावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग सर्व्हर दिसायला चालू पण मेल घेत नाही.

पॅच टाकतानाचं थोडक्यात. सिक्युरिटी अपडेटची फाइल हाताने चालवत असाल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधूनच, डबल क्लिक करून नाही, नाहीतर काही फायली बदलत नाहीत आणि सकाळी वेबमेलचं पान कोरं. बॅकअपचा एजंट आणि अँटीव्हायरस तेवढा वेळ थांबवा, ते फायली धरून बसतात. क्युम्युलेटिव्ह अपडेट (सीयू, आधीच्या सगळ्या सुधारणा एकत्र असलेला मोठा अपडेट) असेल तर वेब.कॉन्फिग या सेटिंगच्या फायलीत तुम्ही केलेले बदल पुसले जातात, त्यांची कॉपी आधी काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टची हेल्थचेकर स्क्रिप्ट आधी आणि नंतर चालवा, ती फुकट आहे आणि मला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही. दोन्ही सर्व्हर एकाच रात्री करू नका, मध्ये निदान एक बॅकअप होऊ द्या.

आता स्नॅपशॉट. पॅच बिघडला तर मागे जाऊ म्हणून हायपरव्हायजरचा स्नॅपशॉट घेतात, पण डॅगमधला एक सर्व्हर मागे नेला म्हणजे त्याच्या कॉपी भूतकाळात आणि जोडीदाराच्या वर्तमानात, दोघांचे लॉग जुळत नाहीत. अ‍ॅक्टिव्ह डायरेक्टरीत (डोमेनमधल्या युझर आणि मशीनच्या नोंदी) मात्र नव्या व्हर्जनची नोंद झालेली. स्नॅपशॉट जुना असेल तर मशीन अकाउंटचा पासवर्डही बदललेला असतो, तो दर ३० दिवसांनी बदलतो, मग डोमेनवरचा ट्रस्ट तुटतो. मायक्रोसॉफ्टही असं मागे जाणं सपोर्ट करत नाही. आणि क्युम्युलेटिव्ह अपडेट अनइन्स्टॉल होत नाही, तो काढायचा म्हणजे एक्सचेंजच काढणं. मग बिघडला तर करायचं काय? तोच सर्व्हर, तेच नाव, तीच विंडोज आवृत्ती, नव्याने उभा करून सेटअप रिकव्हर-सर्व्हर मोडमध्ये चालवायचा, त्याआधी त्याच्या डेटाबेस कॉपी काढून त्याला डॅगमधून बाहेर काढायचं. सेटअप बहुतेक सगळं कॉन्फिगरेशन अ‍ॅक्टिव्ह डायरेक्टरीतून परत घेतो. इथेच कळतं की तुमच्या मेलच्या बॅकअपमध्ये डोमेन कंट्रोलरचा (ती डायरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरचा) सिस्टिम स्टेट बॅकअप धरलाच पाहिजे, आणि तो ताजा पाहिजे, कारण टूमस्टोनचा काळ (डिलीट झालेल्या नोंदी डायरेक्टरी लक्षात ठेवते तो) साधारण १८० दिवसांचा असतो, त्याहून जुना अ‍ॅक्टिव्ह डायरेक्टरीचा बॅकअप कामाचा नाही. सर्टिफिकेटंही प्रायव्हेट कीसकट एक्सपोर्ट करून वेगळी ठेवा, रिकव्हर-सर्व्हर ती परत आणत नाही.

लॉग डिलीट करण्याबद्दल. ड्राइव्ह भरत आलाय, फोन वाजतायत, आणि समोर एकसारख्या नावाच्या हजारो फायली दिसतात, जुन्या निवडून उडवायचा मोह होतो. करू नका. कुठला लॉग अजून डेटाबेसमध्ये लिहिला गेलेला नाही आणि कुठला दुसऱ्या कॉपीला हवा आहे हे तारखेवरून कळत नाही. चुकीचा एक गेला की डिसमाउंट झालेला डेटाबेस डर्टी शटडाउनमध्ये (नीट बंद न झालेल्या अवस्थेत) अडकतो, मग माणसं ईएसईयुटिल या डेटाबेस तपासायच्या टूलचं पी स्विच चालवतात, तो दुरुस्त करतो म्हणजे न जुळणारी पानं फेकून देतो, त्यात मेल जातात. तो पर्याय बॅकअप आणि दुसरी कॉपी दोन्ही संपल्यावरचा. त्याऐवजी क्रम असा. व्हर्च्युअल मशीन आहे तर आधी लॉगची डिस्क वाढवा, पाच मिनिटांचं काम आहे. मग मागे राहिलेली कॉपी चालू करा आणि ती पोचू द्या. मग फुल बॅकअप. डिस्क वाढवायला जागाच नसेल तरच सर्क्युलर लॉगिंग (बॅकअपची वाट न बघता जुने लॉग आपोआप काढणं), डॅगमध्ये ते डिसमाउंट न करता लागू होतं, पण लक्षात ठेवा, ते चालू असेपर्यंत इन्क्रिमेंटल बॅकअप होत नाही आणि शेवटच्या बॅकअपनंतरच्या वेळेवर परत जाता येत नाही. जागा झाली की बंद करा आणि लगेच फुल बॅकअप घ्या.

मेल गेले असतील का, ही धास्ती मालकांना असते, तर ते फारसे जात नाहीत. डिस्क कमी पडली की एक्सचेंजचं ट्रान्सपोर्ट बॅक प्रेशरमध्ये जातं आणि पाठवणाऱ्याला ४५२ ४.३.१ असा तात्पुरता नकार देतं, समोरचा सर्व्हर मेल धरून ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल सर्व्हरचा डिफॉल्ट ५ दिवस, एक्सचेंजचा मात्र २ दिवसच. म्हणजे मेल बंद पडल्यापासून तुमच्या हातात खऱ्या अर्थाने २ दिवस असतात, पाच नाही.

नेहमीच्या कामांत अजून एक काम लॉगवर आदळतं आणि त्याचा कुणी विचार करत नाही, मेलबॉक्स हलवणं. डेटाबेस फुगला, आत रिकामी जागा खूप झाली तर ऑफलाइन डीफ्रॅग (डेटाबेस बंद करून ती जागा काढणं) करण्यापेक्षा नवीन डेटाबेस काढून मेलबॉक्स तिकडे हलवणं केव्हाही चांगलं, डीफ्रॅगला डेटाबेसच्या ११० टक्के मोकळी जागा लागते, तो वेळ मेल बंद, आणि नंतर डेटाबेसची सिग्नेचर बदलल्यामुळे आधीच्या बॅकअपवर पुढचे लॉग चढत नाहीत. पण १०० जीबीचे मेलबॉक्स हलवले की नव्या डेटाबेसवर निदान तेवढेच लॉग तयार होतात. म्हणून थोडे थोडे हलवा, मध्ये बॅकअप होऊ द्या. आणि नवीन डेटाबेस, त्याची डिस्क, बॅकअप जॉबमध्ये आलीय का ते त्याच दिवशी बघा, वरचा अकाउंट्सवाला किस्सा त्यातूनच झालेला.

रिस्टोरची चाचणी तिमाहीत एकदा तरी घ्या, आणि एखादा मेल परत आणून दाखवणं म्हणजे चाचणी नव्हे. त्यासाठी बॅकअप लागतच नाही बऱ्याचदा, डिलीट केलेला मेल डिफॉल्टने १४ दिवस आणि डिलीट केलेला मेलबॉक्स ३० दिवस एक्सचेंजमध्येच असतो. खरी चाचणी म्हणजे एक अख्खा डेटाबेस बॅकअपमधून वेगळ्या डिस्कवर काढायचा, ईएसईयुटिलच्या एमएच स्विचने हेडर बघायचं, डर्टी असेल तर आर स्विचने लॉग चढवून क्लीन करायचा, रिकव्हरी डेटाबेस म्हणून माउंट करायचा आणि त्यातून एक मेलबॉक्स एखाद्या चाचणीच्या मेलबॉक्समध्ये परत आणायचा. किती तास लागले ते घड्याळ लावून लिहा. तो आकडा मालकांसमोर ठेवला की नवीन डिस्कचं बजेट लवकर पास होतं.

बॅकअप सर्व्हर त्याच डोमेनमध्ये, त्याच अ‍ॅडमिन अकाउंटवर चालवू नका. रॅन्समवेअरवाले आधी बॅकअप पुसतात, मग सर्व्हर लॉक करतात. एक कॉपी बदलता न येणारी आणि एक इमारतीबाहेर. बाहेर नेलेल्या डिस्क किंवा टेप आपल्या हवेत कोरड्या कपाटात ठेवा, वास्को, बायणाच्या बाजूला खारा वारा कनेक्टर खातो आणि पावसात टेपला बुरशी धरते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं, हे लॉग म्हणजे वरचे ट्रान्झॅक्शन लॉग नव्हेत, सिस्टिम, फायरवॉल, आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) वगैरेचे, तेही बॅकअपमध्ये घ्या, सर्व्हर गेल्यावर तेच मागितले जातात.

ज्यांच्याकडे एक्सचेंज नाही, लिनक्सवरचं झिंब्रा किंवा पोस्टफिक्स-डोव्हकॉट आहे, त्यांना लॉग भरण्याचा हा त्रास नाही, पण वेगळा आहे. झिंब्राचा डेटा तीन ठिकाणी असतो, डेटाबेस, एलडॅप (युझरची यादी) आणि मेलच्या फायली, चालू असताना नुसता आरसिंक (फायली कॉपी करणारी कमांड) मारला तर तिन्ही वेगवेगळ्या क्षणांचे येतात. चालू असताना एकदा आरसिंक, मग सर्व्हिस थांबवून दुसऱ्यांदा, दुसरा थोड्या वेळात उरकतो. किंवा सर्व्हिस मिनिटभर थांबवून एलव्हीएम (लिनक्सची डिस्क व्यवस्था) स्नॅपशॉट, पुन्हा चालू, आणि मग निवांतपणे स्नॅपशॉटवरून कॉपी.

आणि एक्सचेंज २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, २०१६ चाही. तुम्हाला पुढच्या आवृत्तीवर, एक्सचेंज सबस्क्रिप्शन एडिशनवर, जायचंच आहे, २०१९ च्या सीयू१४ किंवा सीयू१५ वरून ते एखाद्या सीयूसारखंच जागच्या जागी होतं. जाण्याआधी तुमच्या बॅकअप सॉफ्टवेअरची चालू आवृत्ती त्याला सपोर्ट करते का ते त्यांच्या साइटवरच्या यादीत बघा आणि लागलं तर बॅकअप सॉफ्टवेअर आधी अपग्रेड करा, एक्सचेंज नंतर.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच. लॉगची डिस्क वाढवलेली नसेल तर वाढवा, दुसऱ्या सर्व्हरचे कॉम्पोनंट स्टेट बघा, कॉपी क्यू उतरतोय का बघा. कॉपी फेल्ड अँड सस्पेंडेड दाखवत असेल आणि रिझ्यूम करूनही उठत नसेल तर ती रीसीड करावी लागेल, म्हणजे अख्खा डेटाबेस पुन्हा पहिल्यापासून कॉपी करावा लागेल, रीसीड दिवसा लावू नका, संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर लावा, आणि त्या रात्रीचा बॅकअप जॉब सकाळपर्यंत पुढे ढकला. क्यू शून्यावर आला की मग फुल बॅकअप, त्याच्याआधी लावलात तर लॉग हलणार नाहीत.